पाडलेल्या चर्चांतील नामलेख

जुन्या पोथ्यांच्या शोधांत ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्या विद्वानांचा एक सर्वसाधारण अनुभव असा आहे कीं, पोथीचा घात वाळवीपेक्षां स्थलांतरानें अधिक होतो. ज्या घरांत ती वाचली जात असे तें घर मोडलें, वांटण्या झाल्या, बिऱ्हाड हललें, म्हणजे पोथी कोठल्या तरी माळ्यावर जाऊन पडते. तिचीं अक्षरें शाबूत असतात; परंतु तीं कोणीं, कोणासाठीं व कोणत्या प्रसंगानें लिहिलीं हें सांगणारें माणूस उरत नाहीं. इंग्लंडांत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अशाच प्रकारच्या कांहीं लेखांचा शोध मोठ्या चिकाटीनें चालला आहे. हे लेख भूर्जपत्रावर नसून पितळेच्या पत्र्यावर, संगमरवरावर अथवा ओकच्या फळीवर आहेत. आणि ज्या घरांतून ते हलले तीं घरें म्हणजे त्या देशांतील लहानमोठीं चर्चें होत. पहिल्या महायुद्धांत पडलेल्या शेजाऱ्यांचीं नांवें ज्या चर्चच्या भिंतीवर कोरलीं होतीं तें चर्चच पुढें पाडण्यांत आलें, तर त्या नांवांचें काय झालें, हा ह्या शोधाचा प्रश्न आहे.

हा विषय पुराणवस्तुसंशोधकांचा आहे, वाङ्मयसमीक्षकानें त्यांत शिरण्याचें कारण काय, असें आमच्या कित्येक वाचकांस वाटण्याचा संभव आहे. आमचें उत्तर असें कीं, युद्धस्मारकावरील नामलेख ही एक लहानशी वाङ्मयकृति आहे. तीस रचना आहे, क्रम आहे. कोणास घ्यावें आणि कोणास वगळावें ह्याचा विवेक आहे. आणि ठरलेला असा एक वाचकवर्गही आहे. एवढेंच नव्हे, तर लेख आणि त्याची जागा ह्यांचा संबंध किती निकट असतो, हें ह्या कृतींच्या दुर्दैवावरून जितकें स्पष्ट कळतें तितकें छापील ग्रंथांवरून कळत नाहीं.

ह्या लेखांचा जन्म एका नकारांतून झाला. १९१५ मध्यें फ्रान्समधील रणभूमीवरून ब्रिटिश सैनिकांचीं प्रेतें स्वदेशीं आणण्यास बंदी झाली, आणि युद्ध संपल्यावरही ती कायम राहिली. श्रीमंत बापास मुलाचें शव घरीं आणतां यावें आणि गरिबास तें येऊं नये, हा भेद अधिकाऱ्यांस मान्य नव्हता. १९१७ मध्यें स्थापन झालेल्या साम्राज्याच्या युद्धसमाधिमंडळानें हेंच समतेचें तत्त्व पुढें चालवून सर्वांच्या थडग्यांस एकाच घाटाचा दगड दिला. त्यावर कुटुंबास आपले शब्द घालावयाचे असल्यास शब्दांमधील मोकळी जागा धरून अवघ्या सहासष्ट अक्षरांची मर्यादा घालून दिली. ह्या मंडळाचा वाङ्मयीन सल्लागार रड्यर्ड किप्लिंग होता. त्याचा स्वतःचा मुलगा १९१५ मध्यें लूसच्या लढाईंत बेपत्ता झाला होता. ज्यांचीं शवेंही सांपडलीं नाहींत अशांसाठीं मोठमोठीं स्मारकें उभीं राहिलीं. १९२७ मधील ईप्र येथील मेनिन दरवाजावर चौपन्न हजारांहून अधिक आणि १९३२ मधील थिएप्वाल येथील स्मारकावर बहात्तर हजारांहून अधिक नांवें कोरण्यांत आलीं.

परंतु हें सर्व समुद्रापलीकडे होतें. लँकेशायरच्या गिरणींत राबणाऱ्या मातेस मुलाच्या थडग्यावर एकदां फूल वाहणेंही परवडण्याजोगें नव्हतें. तेव्हां घराजवळच्या चर्चमध्यें भिंतीवर कोरलेलें त्याचें नांव हेंच तिच्या दृष्टीनें थडगें झालें. नांवें गोळा करण्यासाठीं स्थानिक समित्या नेमल्या गेल्या; त्यांचे सभासद घरोघर फिरले; वर्गण्या जमल्या; आणि दहा, वीस अथवा पन्नास नांवांचा एक फलक सिद्ध झाला. कोठें नांवें हुद्द्याप्रमाणें लागलीं, कोठें हुद्दा मुळींच न देतां शाळेंतील हजेरीपटासारखीं वर्णानुक्रमानें लागलीं. जमीनदाराचा कॅप्टन मुलगा आणि त्याच्याच तबेल्यांतील मोतद्दार एकाखालीं एक, केवळ आद्याक्षराच्या योगानें, शेजारीं आले. ही केवळ सोय नव्हती. ज्या समाजांत चर्चमधील बसण्याच्या जागाही दर्जाप्रमाणें ठरत आल्या होत्या, त्या समाजानें केलेलें तें एक विधान होतें.

अशीं चर्चें पाडलीं कां गेलीं, ह्याचीं कारणें धर्मद्वेषाचीं नसून बहुतांशीं लोकसंख्येचीं आहेत. जुन्या शहरांच्या मध्यभागांतील वस्ती उपनगरांकडे सरकली आणि चर्चें ओस पडलीं. १९२९ मध्यें स्कॉटलंडमधील दोन प्रमुख पंथ आणि १९३२ मध्यें इंग्लंडमधील मेथॉडिस्टांच्या तीन शाखा एकत्र झाल्या. त्यामुळें एकाच रस्त्यावर दोन-दोन प्रार्थनामंदिरें राहण्याचें प्रयोजन उरलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांतील बाँबवर्षावानें कित्येक चर्चें जमीनदोस्त झालीं. पुढें गलिच्छ वस्त्या पाडण्याच्या योजनांत जीं वांचलीं होतीं त्यांतलींही कित्येक गेलीं. १९६८ च्या कायद्यानें तर चर्च ऑफ इंग्लंडनें निरुपयोगी झालेल्या चर्चांची विल्हेवाट लावण्याची रीतसर पद्धतच घालून दिली. तेव्हांपासून बंद झालेल्या शेंकडों चर्चांपैकीं कांहींचीं घरें झालीं, कांहींचीं वखारी वा सभागृहें झालीं, आणि बरींचशीं पाडलीं गेलीं.

चर्च पाडण्याच्या वेळीं फलकाची गति कोणती होते? कधीं तो जवळच्या, जोडून घेतलेल्या पॅरिशच्या चर्चमध्यें नेऊन लावतात. कधीं तेथल्या घंटेच्या मनोऱ्याखालीं भिंतीस टेंकवून ठेवतात आणि मग त्याच्यापुढें मोडक्या खुर्च्या येऊन पडतात. कधीं ठेकेदाराबरोबर पितळ मोडीत जातें. फलक हाच स्मारकाचा एकमेव प्रकार नव्हता, ह्यामुळेंही शोध कठीण होतो. कोठें स्मारक म्हणून रंगीत कांचेची खिडकी बसविली होती, कोठें ऑर्गन, कोठें घंटा, कोठें नुसतें एक हस्तलिखित नामपुस्तक. खिडकी फुटली आणि घंटा वितळली म्हणजे तींवरील अक्षरेंही गेलीं.

ह्या शोधाची पद्धति आमच्या पाठचिकित्सकांस अगदीं परिचित वाटेल. चर्च ऑफ इंग्लंडमध्यें भिंतीवर फलक लावावयाचा अथवा काढावयाचा तर बिशपच्या धर्मन्यायालयाची लेखी अनुज्ञा लागते. तिच्यासाठीं केलेल्या अर्जाबरोबर पुष्कळदां फलकाचें रेखाचित्र आणि नियोजित मजकूरही जोडलेला असे. असे अर्ज आज जिल्ह्याच्या दप्तरखान्यांत पाहावयास मिळतात. मेथॉडिस्टादि पंथांत ही अनुज्ञा लागत नसल्यामुळें तेथें विश्वस्तांच्या सभांचीं इतिवृत्तें चाळावीं लागतात. त्यानंतर पॅरिशचें मासिक, अनावरणाचा वृत्तांत देणारें स्थानिक वर्तमानपत्र, लग्नाच्या एखाद्या छायाचित्रांत मागल्या भिंतीवर चुकून आलेला फलक, आणि अखेरीस पॅरिश ज्या पॅरिशमध्यें विलीन झालें तिची जडवस्तूंची यादी, असा हा मार्ग आहे. लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियमनें १९८९ पासून देशांतील युद्धस्मारकांची नोंद चालविली असून ती आज नव्वद हजारांच्या पलीकडे गेली आहे. तींत नष्ट व बेपत्ता स्मारकांसही स्थान आहे. १९९७ मध्यें ह्या स्मारकांच्या रक्षणासाठीं एक स्वतंत्र न्यासही निघाला. धातूचे फलक चोरून मोडीत घालण्याचा सुळसुळाट झाल्यावर २०१३ मध्यें मोडीचा व्यापार रोख पैशानें करण्यास कायद्यानेंच प्रतिबंध करण्यांत आला.

ह्या खटपटीनें एकाच लेखाच्या दोन-तीन प्रती हातीं आल्या म्हणजे खरें वाङ्मयीन काम सुरू होतें, कारण त्या प्रती सहसा एकमेकींशीं जुळत नाहींत. वर्तमानपत्रांत एकवीस नांवें, तर फलकावर तेवीस. अर्जांत एक आद्याक्षर, तर पितळेवर दुसरें. येथें घाईनें दुरुस्ती करूं पाहणारा मनुष्य विश्वासघात करतो, असें आमचें मत आहे. सरकारी नोंदींत युद्धबळींची मुदत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ अशी ठरलेली आहे. परंतु विषारी वायूनें फुप्फुसें जळून १९२४ मध्यें मेलेल्या मुलास त्याच्या शेजाऱ्यांनीं युद्धांतच पडलेला मानलें, तर त्यांचें म्हणणें सरकारी मुदतीहून कमी खरें आहे काय? उलट, मुलगा बेपत्ता आहे, मेलेला नाहीं, अशी आशा धरून बसलेल्या कित्येक कुटुंबांनीं नांव देण्याचेंच नाकारलें. तेव्हां फलकावरील उणीव ही चूक नसून, कोणाएकीची न सुटलेली आशा असूं शकते.

ह्याहून कठीण पाठभेद आहे तो लष्करी न्यायालयाच्या हुकुमानें ज्यांस आपल्याच पलटणीनें गोळ्या घातल्या त्यांचा. पळून जाणें, भ्याडपणा इत्यादि आरोपांखालीं अशा रीतीनें मारलेल्या तीनशेंहून अधिक सैनिकांस ब्रिटिश पार्लमेंटनें २००६ मध्यें माफी दिली. परंतु त्यापूर्वीं ऐंशी वर्षें त्यांचीं नांवें कोठें घातलीं गेलीं आणि कोठें गाळलीं गेलीं, हा ज्या त्या गांवाचा निवाडा होता. लिंकनशायरमधील फुल्स्टो नांवाच्या खेड्यांत तर अशा एका शिपायाचें नांव वगळून स्मारक करण्यास गांवकऱ्यांनीं साफ नकार दिला, आणि तेथें २००५ पर्यंत युद्धस्मारकच झालें नाहीं. जो समीक्षक म्हणेल कीं नामलेखांत लेखकाचें मन दिसत नाहीं, त्यानें ह्या न लिहिलेल्या लेखाचा विचार करावा.

येथें एक रास्त आक्षेप येतो. पडलेल्या प्रत्येक सैनिकाचें नांव युद्धसमाधिमंडळाच्या नोंदवहींत सुरक्षित आहे. तें आज घरबसल्या कोणासही पाहतां येतें. मग एका जुनाट पितळी पत्र्यासाठीं एवढा आटापिटा कशाला? आमच्या मतें ह्याचें उत्तर शब्दकोश आणि कविता ह्यांच्या भेदांत आहे. कवितेंतील सर्व शब्द कोशांत असतात. म्हणून कविता हरवली तरी चालेल असें कोणी म्हणत नाहीं. नोंदवही मनुष्यास त्याच्या पलटणीखालीं आणि क्रमांकाखालीं घालते. फलक त्यास त्याच्या शेजाऱ्यांच्या रांगेंत उभा करतो. एकाच आडनांवाचे तिघे फलकावर लागोपाठ आले म्हणजे वाचणारास एक घर दिसतें. नोंदवहींत ते तीन निरनिराळ्या पानांवर पांगलेले असतात.

हा युक्तिवाद मान्य केला म्हणजे मात्र शोधकर्त्यांचेंही समाधान थोडें डळमळीत होतें. कारण फलक सांपडला, स्वच्छ केला, दुसऱ्या चर्चमध्यें लावला, एवढ्यानें लेख परत मिळाला असें होत नाहीं. चेशायरमधील ऑल्ट्रिंकम येथील चॅपल स्ट्रीट ह्या गल्लीचें उदाहरण घेऊं. अवघ्या साठ घरांच्या ह्या गल्लींतून एकशें एकसष्ट माणसें युद्धावर गेलीं, आणि राजा पांचव्या जॉर्जनें तिचा इंग्लंडांतील सर्वांत शूर अशी लहानशी गल्ली म्हणून गौरव केला. १९१९ मध्यें तेथें नामफलक उभारला, तेव्हां तो वाचणारांस प्रत्येक नांवाचा उंबरठा ठाऊक होता. पुढें ती घरेंच पाडण्यांत आलीं. आज तीं नांवें कोठेंही कोरलीं तरी वाचणारा परका आहे. त्यास संख्येचें आश्चर्य वाटेल, परंतु शेजारधर्माचें दुःख होणार नाहीं.

ह्याच्या उलट उदाहरण लंडनमधील सेंट मेरी ऑल्डर्मनबरी ह्या चर्चचें आहे. तें युद्धस्मारकाचें नसलें तरी आमच्या वाचकांस विशेष जवळचें वाटेल. २९ डिसेंबर १९४० च्या रात्रीं बाँबच्या आगींत हें चर्च जळालें. १९६० नंतरच्या दशकांत त्याचे उरलेले दगड जहाजानें अमेरिकेंत मिसूरी संस्थानांतील फुल्टन येथें नेले, आणि चर्चिलनें १९४६ मध्यें जेथें आपलें प्रसिद्ध भाषण केलें त्या कॉलेजच्या आवारांत त्याचें स्मारक म्हणून चर्च पुन्हा उभें केलें. परंतु त्या चर्चच्या अंगणांत १८९६ मध्यें उभारलेलें हेमिंग्ज व काँडेल ह्यांचें स्मारक लंडनमध्येंच राहिलें. शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर त्याचीं विखुरलेलीं नाटकें एकत्र करून १६२३ मध्यें प्रसिद्ध करणारे ते हेच दोघे नट. ते ह्याच पॅरिशचे रहिवासी होते, आणि त्यांच्या अस्थि तेथेंच आहेत. चर्च समुद्रापार गेलें तरी हें स्मारक अर्थहीन झालें नाहीं, कारण त्याची माती त्याच्या पायाखालीं राहिली. ह्यावरून आम्ही असा नियम काढतों कीं, स्मारकास छपराहून जमिनीची गरज अधिक आहे. तेव्हां पाडलेल्या चर्चांतील फलक सांपडल्यावर त्यास निवारा देणें हें अर्धें काम झालें. तो कोणत्या भिंतीवर होता, त्या भिंतीभोंवतीं कोणते रस्ते होते, त्यांतील कोणत्या घरांतून तीं माणसें निघालीं, हें त्याच्याशेजारीं लिहून ठेवणें हें उरलेलें अर्धें होय.

हें सर्व परक्यांचें कौतुक म्हणून सांगून थांबावें अशी आमची इच्छा नाहीं. त्याच महायुद्धांत आमचीं माणसेंही पडलीं आहेत. २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत-अल-अमारा येथें उपाशीं शरण गेलेल्या सैन्यांत १०३, ११० व ११७ ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यानंतर सरकारनें येथील खेड्यापाड्यांतून लहानलहान शिळा बसविल्या. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांवांतून त्या युद्धांत सेहेचाळीस जण कामास आले, म्हणून तें गांव आज 'मिलिटरी' हें उपपद लावतें. परंतु ह्या शिळांची सर्वसाधारण भाषा पाहा: ह्या गांवांतून इतके गेले, त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले. संख्या आहे, नांवें नाहींत. इंग्लंडांत मोतद्दाराचें नांव कॅप्टनाच्या शेजारीं लागलें. येथें शिपायाचा आंकडा झाला.

हा योगायोग नव्हता. मेसोपोटेमियांत पडलेल्यांसाठीं १९२९ मध्यें बसरा येथें जें स्मारक झालें तें चाळीस हजारांहून अधिक मृतांचें होतें. परंतु त्यावर हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं गेलीं आणि हिंदी शिपायांची केवळ पलटणवार संख्या दिली गेली. तें स्मारकही १९९७ मध्यें इराकी सरकारच्या हुकुमानें मूळ जागेवरून हलविण्यांत आलें. युद्धसमाधिमंडळानें २०२१ मध्यें स्वतःच प्रसिद्ध केलेल्या चौकशीच्या अहवालांत मान्य केलें कीं, हिंदी, आफ्रिकी इत्यादि किमान एक लक्ष सोळा हजार, आणि कदाचित् साडेतीन लक्षांपर्यंत, मृतांचीं नांवें कोठेंच कोरलीं गेलीं नाहींत, अथवा त्यांचें स्मारक मुळींच झालें नाहीं. ज्या समतेच्या तत्त्वानें ह्या मंडळाचा आरंभ झाला तें तत्त्व सुएझपलीकडे येतां येतां असें विरून गेलें. पुण्याजवळ खडकीच्या दफनभूमींत १९१४-१८ चें जें स्मारक आहे त्यावर, हिंदुस्थान व पाकिस्तान ह्यांतील ज्यांचीं थडगीं आतां राखतां येत नाहींत अशा अठराशेंहून अधिक सैनिकांचीं नांवें आहेत. म्हणजे थडगें गेलें तरी नांव राखावें, ही रीत त्या मंडळास ठाऊक होती. आणि तिचा नमुना आमच्या शेजारींच उभा आहे.

आमच्या परंपरेंत नांवावांचून वीराचें स्मारक करण्याची चाल आहेच, असें कोणी म्हणेल. वीरगळावर बहुधा अक्षर नसतें: खालच्या पट्टींत युद्ध, मधल्या पट्टींत अप्सरांनीं वीरास उचलून नेणें, वरच्या पट्टींत त्यानें केलेली शिवपूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. हें खरें, परंतु तो वीरगळ गांवच्या देवळापुढें उभा असे, आणि नांव गांवाच्या तोंडीं असे. दगड आणि गांव मिळून तो लेख पुरा होत असे. आज देवळांचे जीर्णोद्धार होतात, फरशा बसतात, वीरगळ कोपऱ्यांत ढकलले जातात, अथवा पायरीस लावले जातात. अक्षर नसलेला दगड एकदां हलला म्हणजे त्याचा शोध कोणत्या दप्तरांत घ्यावयाचा? इंग्लंडांतील शोधकर्त्यांस निदान अर्जाचा कागद तरी मिळतो.

कोरलेलें नांव काय करूं शकतें, ह्याचें महाराष्ट्रांतील सर्वांत मोठें उदाहरण भीमा-कोरेगांवचा स्तंभ हें होय. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारनें तो आपल्या विजयासाठीं उभारला. परंतु त्यावर पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलीं, आणि त्यांत 'नाक' हें पद अंतीं असलेलीं महार शिपायांचीं नांवें होतीं. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर तेथें गेले, आणि शंभर वर्षें वाचकांची वाट पाहत असलेल्या त्या लेखास वाचक मिळाले. लेख लिहविणारांचा हेतु एक होता; वाचणारांनीं त्यांतून दुसराच अर्थ काढला. तेथें नुसती संख्या असती, तर हें वाचन घडलेंच नसतें.

तेव्हां इंग्लंडांत भिंतीवांचून नांवें उरलीं आणि आमच्याकडे नांवांवांचून भिंती उरल्या, असा हा दुहेरी प्रश्न आहे. पहिल्याचें उत्तर शोधण्यास तेथील सामान्य शाळामास्तर, पाद्री आणि पेन्शनर लागले आहेत. दुसऱ्याचें उत्तरही अशक्य नाहीं. लाहोरच्या म्यूझियममध्यें जवळजवळ शंभर वर्षें न उघडलेल्या वह्यांत पंजाबच्या तीन लक्ष वीस हजार सैनिकांची गांववार नोंद होती. ती २०२१ पासून उजेडांत येऊं लागली आहे. आमच्याकडे ज्या गांवीं अशी शिळा आहे तेथें गेलेल्यांचे नातू-पणतू अद्याप नांदत आहेत. पेन्शनीचे कागद, पदकें आणि त्यांच्या कडांवर कोरलेलीं नांवें पेटींत आहेत. म्हाताऱ्यांच्या स्मरणांत आजोबांचीं नांवें आहेत. शिळेवरील आंकड्याखालीं तितकीं नांवें लिहून काढणें, आणि देवळाचा जीर्णोद्धार करण्यापूर्वीं वीरगळ कोठें उभा होता ह्याची टीप ग्रामपंचायतीच्या दप्तरांत ठेवणें, ह्या दोन गोष्टींस फार मोठ्या विद्वत्तेची अथवा द्रव्याची जरुरी नाहीं. मात्र त्या ह्या पिढीनेंच केल्या पाहिजेत. कारण पितळेचा फलक पन्नास वर्षें माळ्यावर पडूनही सांपडतो, पण माणसाच्या आठवणींतील नांव त्याच्याबरोबरच जातें.